पॅकअपनंतर वाचायच्या चिठ्ठ्या

आमच्या वसईच्या नातेवाइकांत अशी एक समजूत आहे की मी दहा वर्षं हॉलिवूडमध्ये नोकरी केली. ही समजूत कोणी पसरवली असं विचाराल, तर मीच. खरी गोष्ट अशी की मी मस्कतला अझैब्यात, खाली टायरचं दुकान आणि वर आम्ही, अशा एका ऑफिसात टेबलाशी बसून होते. दहा वर्षांत एकही नट मी जवळून पाहिला नाही. एक पाहिला, तर तो नट निघाला नाही. लाइट लावताना नटाच्या जागी उभा राहणारा माणूस निघाला. त्याच्याबरोबरचा माझा फोटो अजून नणंदेच्या शोकेसमध्ये आहे आणि मी खुलासा केलेला नाही.

खुलासे न करण्याची माझी सवय जुनी आहे. नाताळ अंकासाठी 'हॉलिवूडच्या गमतीजमती' लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी हो म्हटलं. गमती थोड्या आहेत, त्या आधी उरकून घेते.

आमचं काम असं. परदेशातली फिल्म कंपनी ओमानमध्ये शूटिंगला यायची तेव्हा तिला इथलं काहीच माहीत नसायचं. परवानग्या, गाड्या, तंबू, उंट, सुतार, पाण्याचे टँकर, सगळं आमची कंपनी जमवून द्यायची. मालक सालिम, ओमानी माणूस. त्याला आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो. अर्बाबच्या ओळखी आणि माझं टायपिंग, एवढ्यावर कंपनी चालायची. एकदा चाळीस उंट लागणार होते. उंटवाल्या म्हाताऱ्याने अट घातली की करारात प्रत्येक उंटाचं नाव आलं पाहिजे, नाहीतर त्यांचा अपमान होईल. मी चाळीस नावं टाइप केली. एक नाव दोनदा पडलं तर त्याने ताबडतोब पकडलं, "ही वेगळी. तिला राग येईल." आमचे हे, म्हणजे ऑल्विन, एका मोठ्या हॉटेलात स्टोअर सांभाळायचे. ते म्हणाले, "फिलो, तुझ्या करारात उंटांची नावं आहेत आणि तुझं नाव नाही." खरंच नव्हतं.

आता निर्माता म्हणजे कोण ते सांगते, कारण हे सगळं त्याच्याविषयी आहे. लोकांना वाटतं निर्माता म्हणजे पैसेवाला. पैसे दुसऱ्यांचेच असतात. निर्माता राखण करतो ती दिवसांची. शूटिंगचे दिवस ठरलेले असतात, पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. त्यातला एक जरी हुकला तरी दोनशे माणसं, नटांच्या तारखा, विमानं, सगळं घसरत जातं. चांगला निर्माता तो, ज्याचा दिवस हुकत नाही.

आमच्याकडे जो यायचा त्याचा दिवस तीस वर्षांत एकदाही हुकला नव्हता. त्याचं नाव लिहिण्याची सोय नाही, आम्ही ऑफिसात त्याला साहेब म्हणायचो तेच इथे म्हणते. साठीचा, सडपातळ, एकच फिकट टोपी. हॉलिवूडमध्ये त्याचं नाव काढलं की लोक उभे राहतात असं त्याचे असिस्टंट सांगायचे. इथे मात्र तो आमच्या पँट्रीत उभं राहून उकडलेली अंडी सोलून खायचा आणि टरफलं स्वतः उचलायचा. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहायची. माझी मुलगी स्नेहल तेव्हा वादी कबीरच्या शाळेत चौथीत होती. तिला गणिताची भीती वाटते, हे मी एकदा बोलून गेले असेन. पुढच्या वर्षी विमानतळावर उतरल्या उतरल्या त्याने विचारलं, "स्नेहलचं गणित कसं आहे?" नवा विमानतळ तेव्हा अजून बांधून व्हायचा होता, जुन्याच्या त्या गर्दीत मी ट्रॉली धरून उभी, आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. अशा माणसासाठी लोक काहीही करतात. मीही केलं.

पहिल्याच सिनेमाच्या वेळी त्याने माझ्या टेबलावर खजुराचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. म्हणाला, "हा आजपासून तुझ्या ताब्यात."

नियम असा होता. शूटिंग वाळवंटात, बिदियाच्या वाळूत, मस्कतहून तीन तासांवर. तिथे मोबाइल लागत नसे. युनिटकडे एक सॅटेलाइट फोन होता, तो कामाचा. युनिटमधल्या लोकांच्या घरून जे फोन यायचे ते माझ्या ऑफिसच्या नंबरवर. मी वेळ टाकून चिठ्ठी लिहायची आणि डब्यात टाकायची. सेटवर काहीही कळवायचं नाही. पॅकअप झालं, म्हणजे दिवसाचं शूटिंग संपलं, की सॅटेलाइट फोनवरून युनिटचा असिस्टंट मला फोन करणार, मी चिठ्ठ्या वाचणार, तो ज्याला त्याला सांगणार.

"काहीही नाही म्हणजे काहीही नाही?" मी विचारलं.

त्याने अंडं बाजूला ठेवलं. "मी पंचवीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "पहिली नोकरी. दुसऱ्या दिवशी कोणाला किती वाजता यायचंय त्याचा कागद टाइप करायचो. माझे वडील सकाळी नऊला गेले. निर्मात्याला दहाला कळलं. त्याने मला संध्याकाळी पॅकअपनंतर सांगितलं. मी त्याला मारायला धावलो. आज विचार करतो, त्या आठ तासांत मी हसत होतो, जेवलो, कामं केली. माझे वडील माझ्यापुरते आठ तास जास्त जगले. ते त्याने मला दिले."

मी क्रुसाची खूण करायची बाकी होते, इतकं मला ते पटलं.

डब्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या हसण्यासारख्याच असायच्या. 'गॅस खलास, दुसरा सिलिंडर कुठे ठेवलाय.' 'मुलगा गणितात नापास, रागावू नये.' 'सासूबाई येत आहेत, एक महिना.' ही शेवटची वाचल्यावर पलीकडून असिस्टंट म्हणाला, "ही उद्या सांगितली तर चालेल का?" एकदा ऑल्विननेच ऑफिसवर फोन केला तर मी सवयीने वेळ टाकून लिहून घेतलं, 'नवरा. किल्ली विसरली.' संध्याकाळी सहाला वाचलं तेव्हा तो जिन्यात बसून होता.

साहेब मला म्हणाला, "माझ्याकडे जगभर डबे सांभाळणारे होते. सगळे कधी ना कधी फुटले. तू नाही." मी ते वाक्य घरी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेले तर स्नेहल तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मम्मी, हे झाला सांगून."

दाऊदभाई आमचे मुख्य सुतार. रत्नागिरीकडचे, समुद्राकाठच्या गावातले, मस्कतला वीस वर्षं. राहायला वादी अदाईला. बिदियात एका किल्ल्याचं मोठं गेट त्यांनी उभं केलं होतं, दोन माणसं उंच. लांबून कोणी म्हणालं असतं की तीनशे वर्षं जुनं आहे. ते ऑफिसात यायचे ते खिळ्यांच्या यादीसाठी, पण आधी माझ्या टेबलाशी.

"काय गो ताई, फुगे नाय आणलेस आज?"

आमच्या वसईचे फुगे, म्हणजे मैद्याचे फुगलेले गोळे, त्यांना आवडायचे. मी दर शुक्रवारी तळायचे आणि शनिवारी डबा न्यायचे. ते खाता खाता घरच्या गोष्टी सांगायचे. शेवटच्या सुट्टीत बायकोशी भांडण झालं होतं. घराचं मागचं दार कुजून पडलं, तिथे ती पडदा लावून राहत होती. सुट्टीत बसवतो म्हणाले, आणि सगळी सुट्टी मशिदीचं एक काम करण्यात गेली. निघायच्या दिवशी ती बोलली नाही, स्टँडपर्यंतही आली नाही.

"बोलली, तिकडं राजाच्या किल्ल्याला दारं बसवता, आणि मला पडदा." ते हसत होते, पण फुगा हातातच राहिला होता. "पुढच्या सुट्टीत पहिलं काम तेच. लाकूड पण बघून ठेवलंय."

मग शूटिंगमध्ये ते गेट जाळायचा दिवस आला. गेट एकच, त्यामुळे आग एकदाच लागणार, पुन्हा करायला वाव नाही. दाऊदभाई गेटजवळ हजर पाहिजेत, कुठली फळी आधी पेटवायची ते त्यांनाच ठाऊक.

अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. मुलीचा आवाज, शाळेत शिकलेलं स्वच्छ मराठी.

"मी नसीमा, दाऊद सुतारांची मुलगी. अब्बांचा फोन लागत नाही. अम्मीला रत्नागिरीला हॉस्पिटलात आणलंय. डॉक्टर म्हणतात आजचा दिवस... तिला अब्बांशी बोलायचंय. ती शुद्धीत आहे. जरा लावून द्याल का?"

"अब्बा सेटवर आहेत, बाळा. तिथे फोन नसतो. मी निरोप पोचवते."

"लगेच?"

"पोचवते."

मी वेळ टाकली, लिहिलं, डब्यात टाकलं. माझा हात थांबला का? खरं सांगायचं तर नाही. सॅटेलाइट फोनचा नंबर माझ्यासमोर काचेखाली होता. मी मनात हिशेब केला: मुंबईचं विमान रात्रीचं, मग सकाळी सांगितलं काय, पॅकअपनंतर सांगितलं काय, पोचायचे तेव्हाच पोचणार. उलट दुपारभर त्यांचं काम शांतपणे होईल. मला मी फार समजूतदार वाटले.

एक वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "अम्मी स्वतः बोलते," म्हणाली नसीमा, आणि लांबून तिला कोणीतरी हाक मारल्याचं ऐकू आलं, खाली जाऊन औषध आण म्हणून. मग श्वास. बराच वेळ नुसता श्वास.

"बाय," ती म्हणाली. "तुमी त्यांना सांगाल ना?"

"सांगते हो. बोला."

तिने जे सांगितलं ते मी लिहून घेतलं. तीन ओळी होत्या. मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला आणि मीही ठेवला. ती चिठ्ठीही डब्यात गेली. झाकण घट्ट बसतं त्या डब्याचं.

चार वाजून वीस मिनिटांनी नसीमाचा तिसरा फोन. या वेळी तिने काही मागितलं नाही. अम्मी गेली, एवढं सांगितलं.

"सांगितलंत ना तुम्ही अब्बांना? त्यांनी फोन का नाही केला?"

मी म्हणाले, "निरोप दिलाय, बाळा." हे मी म्हणाले. माझ्याच तोंडाने, रोज संध्याकाळी ज्या तोंडाने रोझरी म्हणते त्या.

सहाला असिस्टंटचा फोन आला, आवाज उत्साहात. गेट एका दमात जळलं, दिवस वाचला, साहेबाने टाळ्या वाजवल्या. "काय आहे डब्यात?"

"दाऊदभाईंना दे."

तीन चिठ्ठ्या माझ्यासमोर वेळेप्रमाणे लावलेल्या होत्या. ते फोनवर आले, धाप लागलेली, धुरामुळे खोकत. "काय गो ताई?"

मी शेवटची वाचली. मग त्यांनी विचारलं, "पहिला फोन कधी आला?"

आजही मला कळत नाही की ते वाक्य इतकं तयार कसं होतं. "चार वीसला, दाऊदभाई. हाच पहिला."

साहेबाने स्वतःची गाडी दिली, वरच्या वर्गाचं तिकीट काढून दिलं, विमानतळापर्यंत माणूस पाठवला. तरी दुसऱ्या दिवशी ते गावात पोचले तेव्हा मातीला पोचले नाहीत. सकाळीच दफन झालं होतं. साहेब आठवडाअखेर ऑफिसात आला तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कठीण होतं. तू बरोबर केलंस." पहिली चिठ्ठी मी फाडली. दुसरी फाडवेना. ती माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली.

चाळीस दिवसांनी दाऊदभाई परत आले. माझ्यासाठी आमसुलं आणली होती, त्यांच्या घरच्या रातांब्यांची. टेबलावर पुडी ठेवली.

"घ्या, मॅडम."

मी घरी येऊन ऑल्विनला सांगितलं, "मला मॅडम म्हणाले. दुःखात आहे बिचारा माणूस."

ऑल्विन भाजी चिरत होता. "दुःखात माणूस ताईला मॅडम म्हणत नाही, फिलो."

त्याला मी तोपर्यंत काहीच सांगितलं नव्हतं. तेव्हाही नाही सांगितलं. पुढे काही महिन्यांनी ऑल्विनच्या हॉटेलात कपाटं बसवायला दाऊदभाई गेले होते, तिथे दोघं चहा प्यायले. घरी येऊन ऑल्विन म्हणाला, "त्या दाराचं मनाला लावून घेतलंय त्याने. म्हणतो, ती रागातच गेली."

मी गॅसकडे तोंड करून उभी होते. शेल्फवर प्रार्थनेचं पुस्तक होतं, पुस्तकात ती चिठ्ठी. दोन पावलांवर. मला फक्त एवढंच करायचं होतं की ती नेऊन द्यायची. पण चिठ्ठीवर वेळ होती. एक दहा. आणि मी तर सांगून बसले होते की पहिला फोन चार वीसला. एका माणसाच्या छातीवरचा दगड माझ्या हातात होता, आणि माझी अब्रू जाईल म्हणून मी तो उचलत नव्हते. हे इतकं साधं होतं. मी त्याला बरीच कारणं लावली: जखमेची खपली कशाला काढा, वेळ जाईल तसं, वगैरे. फुगे मात्र करत राहिले. दाऊदभाई एक घ्यायचे, "शुक्रिया, मॅडम" म्हणायचे आणि उभ्यानेच खाऊन जायचे.

दोन हिवाळ्यांनंतर साहेब पुन्हा आला. पुन्हा बिदिया, पुन्हा डबा. या खेपेला एका सकाळी, साडेअकराला, अमेरिकेतून त्याच्या मुलीचा फोन आला. आईला अचानक ऑपरेशनला नेताहेत, आत नेण्याआधी तिला बाबांशी दोन शब्द बोलायचेत, वीस मिनिटं आहेत.

मी चिठ्ठी लिहिलीच नाही. काचेखालचा नंबर फिरवला. असिस्टंटला म्हटलं, साहेबाला दे, आत्ता.

"पॅकअप झालं नाही," साहेब म्हणाला. "तू फोन का केलास?"

मी एका दमात सांगितलं. वीस मिनिटं, मुलीचा नंबर, सगळं. पलीकडे मागे कोणीतरी 'यल्ला, यल्ला' म्हणून गाड्या हलवत होतं.

"डब्यात टाक," तो म्हणाला.

"सर, ती जिवंत आहे. बोलायचंय तिला."

"मला कळलं. सूर्य आत्ता जिथे पाहिजे तिथे आहे. डब्यात टाक."

संध्याकाळी पॅकअपनंतर तो स्वतः फोनवर आला. "वाच," म्हणाला. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण तो थांबून राहिला. मग त्याला सकाळी सांगितलेलं सगळं मी कागदावर लिहून काढलं आणि त्याला वाचून दाखवलं, जणू पहिल्यांदाच. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. "किती वाजताची आहे?" "साडेअकरा." "आभारी आहे."

बायको वाचली. त्याच्या घरी मात्र परत गेली नाही, असं पुढच्या वर्षी त्याच्या असिस्टंटकडून कळलं. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्या संध्याकाळी डोक्यात एकच गोष्ट राहिली. त्याला विचारलं गेलं होतं. त्याने नाही म्हटलं, ते त्याचं. दाऊदभाईंना कोणी विचारलंच नव्हतं. आणि साहेबाचे वडील त्या सकाळी गेलेले होते. दाऊदभाईंची बायको होती, एक दहाला होती, बोलत होती. मेल्याची बातमी आणि जित्या माणसाची हाक मी एकाच डब्यात टाकली, कारण झाकण एकच होतं.

एवढं कळल्यावर तरी मी चिठ्ठी नेऊन दिली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही दिली. आणखी दोन वर्षं गेली.

मग एके दिवशी स्नेहलने मोबाइलवर दाखवलं, साहेबाला तिकडे आयुष्यभराच्या कामाचा मोठा सन्मान मिळाला होता. भाषण छान केलं त्याने. टोपीशिवाय म्हातारा दिसत होता. तीस-पस्तीस सिनेमे, एकही दिवस हुकला नाही, असं म्हणाला, आणि मग: "मस्कतमध्ये एक बाई माझा डबा सांभाळायची. जगात फुटलं नाही असं एकच माणूस." सगळं सभागृह हसलं आणि टाळ्या वाजल्या. स्नेहल ओरडली, "मम्मी, हे तू आहेस." तिने ते वसईला सगळ्यांना पाठवलं. नणंदेचा फोन आला, शोकेसमध्ये आणखी जागा करते म्हणाली.

टाळ्यांचा तो आवाज मी तीनदा लावून ऐकला. चौथ्यांदा ऐकवेना.

शुक्रवार होता. आम्ही त्या महिन्यात मस्कत सोडणार होतो, ऑल्विनचं हॉटेल माणसं कमी करत होतं. मी फुगे तळले, डबा भरला, प्रार्थनेचं पुस्तक पिशवीत टाकलं आणि ऑल्विनला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. त्याने गाडीची किल्ली घेतली. वादी अदाईला खाली गाडीतच बसून राहिला. "हे तुझं तू कर," म्हणाला.

दाऊदभाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर. घरमालकाचं पत्र्याचं दार काढून त्यांनी तिथे आपलं बसवलं होतं, त्या गेटच्या उरलेल्या फळ्यांचं. नमाजाहून नुकतेच आले होते.

"या. बसा, मॅडम."

मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा गोड बोलले असते. पुस्तक उघडलं आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा शोधला, लावला. कागद घडीवर पिवळा झाला होता. ते एकेक शब्द सावकाश वाचत होते, ओठ हलत होते.

'१.१०. दाऊदभाईंच्या पत्नी, स्वतः. सांगा, मी रागावलेली नाय. दाराचं राहू दे, पडदा हाय तो बरा, वारा येतो. वेळेवर जेवा म्हणावं.'

वाचून झाल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

"वारा येतो," ते म्हणाले. मग चिठ्ठीवरच्या वेळेवर बोट ठेवून, "एक दहाला मी काय करत होतो, माहीत हाय तुमाला?"

"गेटपाशी होतात."

"बसलो होतो. फळीवर. सकाळी सातपासून. त्या दिवशी वारा होता ना, आग कशीपण पसरेल म्हणून साहेबाने थांबवून ठेवलेलं. वारा पडायची वाट बघत सगळे बसलेले. हाताला काय काम नाय. तो फोन गाडीत होता, माझ्यापासून पन्नास पावलांवर."

मला वाटलं होतं ते कामात होते. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत होते.

"माझं चुकलं, दाऊदभाई. मी खोटं बोलले. पहिला फोन—"

"अकराला. नसीमाने सांगितलं, गेलो त्याच दिवशी. आणि तिची अम्मी तुमच्याशी बोलली ते पण. काय बोलली ते पोरीला ठाऊक नाय, ती खाली औषध आणायला गेलेली."

"म्हणजे तुम्हाला..."

"हां."

"मग विचारलं का नाही तुम्ही? चार वर्षं?"

त्यांनी चष्मा काढला. रागात नव्हते. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"विचारलं असतं तर तुमी कायतरी बरं सांगितलं असतं. तुमाला येतं ते." चिठ्ठीची त्यांनी जुन्याच घडीवर घडी केली. "मग मला कसं कळलं असतं, तिचं कुठलं आणि तुमचं कुठलं? म्हणून वाट बघितली. आपणहून आणाल तेव्हा खरं असेल. आणि पडद्याचं... ते तिचंच हाय. ते तुमाला सुचलं नसतं."

"मला माफ करा, असं म्हणायचा मला..."

"चूक झाली तुमची," ते म्हणाले. "मोठी झाली."

"हो."

"हो."

चिठ्ठी त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून उभे राहिले. दाऊदभाईंच्या खोलीवर आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय गेल्याचं वादी अदाईत कोणी पाहिलं नसेल. शेगडी कोपऱ्यात होती, पातेलं शेगडीवरच होतं. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं, आणि मग दाराकडे गेले.

"या, मॅडम. ऑल्विनसाहेब खाली खोळंबले असतील."

मी बाहेर आले. फुग्यांचा डबा माझ्याच हातात होता, हे जिन्याजवळ आल्यावर कळलं. वळून बघितलं तेव्हा ते दार लावत होते. सुताराने स्वतः बसवलेलं दार होतं. चौकटीत कुठेही न घासता, आवाज न करता, बंद झालं.